बुढ्याची खूण

लहान मुलांच्या कातडीला जे काही होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींना काहीच करायचं नसतं. हे वाक्य मी अकरा वर्षं सांगते आहे आणि अकरा वर्षांत ते एकाही आईला आवडलेलं नाही. नवजात बाळाच्या नाकावर पांढरे दाणे दिसतात, काही करू नका. तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठतं, काही करू नका, आठवड्यात जाईल. टाळूवर खवल्यांचा थर धरतो, तेल लावून मऊ फडक्याने पुसा, नखाने खरवडू नका. मानेत घामोळ्या येतात, तर आधी त्याचं स्वेटर काढा. मे महिन्यात कानटोपी घातलेली बाळं मी या हातांनी सोलून काढली आहेत.

शाळेतल्या पोरांच्या गालावर फिके चट्टे दिसले की मात्र 'काही करू नका' म्हणायची मीही घाई करत नाही. आमच्या जिल्ह्यात चट्टा म्हटलं की घरच्यांना आधी कुष्ठरोग आठवतो. डोळे मिटायला लावायचे, कापसाची वात चट्ट्यावर टेकवायची आणि विचारायचं, कुठे लागलं? पोराने बरोब्बर बोट ठेवलं की मी अर्धी सुटते. मग अंगावर आणखी कुठे काही नाही ना ते पाहायचं, डॉक्टरांना एकदा दाखवायचं, आणि बहुतेक वेळा ते म्हणतात, खोबरेल लावा, उन्हात कमी हिंडा. घरचे खट्टू होऊन जातात. औषध दिलं नाही म्हणजे नर्सबाईला काही येत नाही, असं इकडे सगळ्यांचं पक्कं मत आहे. त्यासाठी मी कॅलामाइनच्या गुलाबी बाटल्या ठेवते. घामोळ्यांवर ते लावलं तरी चालतं, नाही लावलं तरी चालतं.

ज्या डागाची ही गोष्ट आहे, तो तर या सगळ्यांहून गरीब. बाळाच्या कमरेखाली, माकडहाडावर, निळसर करड्या रंगाचा डाग असतो. दुखत नाही, खाजत नाही, फुगत नाही. आमच्याकडे दहातल्या आठ बाळांना असतो. दोन-चार वर्षांत आपोआप फिका होत जातो आणि एक दिवस कुणाच्या लक्षातही न येता नाहीसा होतो. अशा डागापायी मी एका पोरीला पाठ भाजलेल्या अवस्थेत पाहीन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं उपकेंद्र उमरटोल्यात आहे, सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. गावाला मोठा तलाव आहे आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासेमारी करणाऱ्यांची पन्नासेक घरं. तलावात मासळी असेल तेव्हा जाळं, पावसाळ्यात धानाचा चिखल, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. त्या वस्तीतल्या गोकुळाबाईची सून आचल दुसऱ्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, तेव्हा जानेवारी होता. पहिली मुलगी होती, चार वर्षांची. गोकुळाबाईचा नवरा मनसाराम सात महिन्यांपूर्वी वारला होता आणि तिचा मुलगा सुरेंद्र तेव्हापासून कुणाशी धड बोलत नव्हता. बापाने त्याला जाळं फेकायला शिकवलं, पोहायला शिकवलं. बाप दारू प्यायचा तेव्हा त्याला खांद्यावर टाकून घरी आणायचा तोही सुरेंद्रच.

सकाळी अकराला मुलगी झाली. मी बाहेर येऊन सांगितलं. सुरेंद्र कडुनिंबाखाली उभा होता. तो "बरं" म्हणाला आणि मोटारसायकलकडे निघाला. आत आचलने मला एकच विचारलं, "काय म्हन्ले?" मी उत्तर देण्याआधीच बाहेर गाडीला किक मारल्याचा आवाज आला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

बाळ गोकुळाबाईच्या हातात होतं. ती त्याला पुसत होती. पालथं करून पाठ पुसता पुसता तिचा हात थांबला. ती क्षणभर त्या डागाकडे पाहत राहिली, मग एकदा सुनेकडे पाहिलं, आणि बाळाला फडक्यात गुंडाळून अनवाणी बाहेर धावली. मी मागून ओरडले, कारण थंडी होती आणि बाळाला जन्मून वीस मिनिटं झाली होती. ती थेट गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"कुठी चाल्ला? हे पाह्य आधी. तुह्या बापाच्या कंबरेले मी तव्याची काजळी लावली होती. इथीच. याच जागी."

इकडच्या काही घरांत ही रीत आहे. माणूस गेला की त्याला नेण्याआधी घरातली बाई त्याच्या अंगावर कुठेतरी काजळीचं बोट ओढते. पुढे घरात बाळ जन्मलं की त्याचं अंग उलटंसुलटं करून पाहतात. त्याच जागी खूण दिसली तर गेलेला माणूस परत आला. सुरेंद्रने गाडी बंद केली. त्याने डागावरून अंगठा फिरवला, पुसला जातो का ते पाहिलं. मग तो रडायला लागला, मोठ्याने, भर रस्त्यात. बाळाला घेऊन आत आला आणि आचलला म्हणाला, "बुढा आला वं आपला."

मी तेव्हा बोलू शकले असते. त्याच आठवड्यात माझ्याकडे आणखी दोन बाळं झाली होती, दोघांच्याही कमरेवर असाच डाग होता आणि दोघांचेही आजे ठणठणीत जिवंत होते. पण आचलने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं होतं आणि नवरा तिच्या उशाशी बसला होता. चांगलं चाललेलं असताना मी कशाला मध्ये बिब्बा घालू? मी गप्प बसले आणि कागदपत्रं भरायला घेतली. मला बरंही वाटलं, हे कबूल करते.

पोरीचं नाव मयुरी ठेवलं, पण ते नाव कार्डावरच राहिलं. सगळी वस्ती तिला बुढा म्हणू लागली. सुरेंद्र तिला गाडीवर पुढे बसवून तलावावर न्यायचा आणि पाळीवर गोधडी टाकून तिच्यादेखत जाळं फेकायचा. जाळं भरून आलं तर बुढ्यामुळे, रिकामं आलं तर बुढा आज नाराज. शेजारचा झिंगू तिला दुधाची बाटली चोखताना पाहून हात जोडायचा, "काय मनसारामभाऊ, या जन्मी निस्त्या दुधावर भागवून राह्यले का?" सुरेंद्रही हसायचा. घरात भांडण झालं की तो पोरीकडे बघून आवाज खाली आणायचा, कारण बापापुढे कसं ओरडणार. मोठ्या मुलीला मात्र घरात सगळे नुसतंच "पोट्टी" म्हणत.

दीड महिन्याने लसीच्या दिवशी आचल बाळाला घेऊन आली. मांडीवर सुई दिली, बाळ रडून शांत झालं. उठता उठता तिने विचारलं, "बाई, हा डाग असाच राह्यते ना?"

"छे. जाईल की. दोन-तीन वर्षांत मागमूसही राहणार नाही. बहुतेक सगळ्या बाळांना असतो. अजिबात काळजी करू नको."

मी हे आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. तिने झबलं डागावर ओढून घेतलं. मी कार्डावर तारीख टाकली आणि पुढच्या बाईला हाक मारली. वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. फक्त जिला सांगायला नको होतं तिला एकटीला सांगितलं, आणि ज्याला सांगायला हवं होतं तो बाहेर गाडी पुसत उभा होता. घरी जाताना त्या बाईच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार मी केला नाही. त्या दिवशी माझ्याकडे अजून सतरा बाळं होती.

नवव्या महिन्याची लस दंडावर असते. पोरीचं झबलं वर करायची वेळच आली नाही.

मग पुढच्या वर्षीचा मे उजाडला. पोरगी सोळा महिन्यांची झाली होती, तिच्या लसीची तारीख होती आणि आचल आली नाही. आमची आशा कार्यकर्ती गुणाबाई त्यांच्या घरी जाऊन आली. "बुढ्याले ताप हाये म्हन्ते. पर बाई, मले दारातच उभी ठेवली. आत येऊ देल्लं नाई."

गुणाबाईला दारात उभं ठेवणारं घर त्या वस्तीत नाही. तिला चहा न देता कुणी सोडत नाही. मी लसीचा डबा तिच्याकडे दिला आणि निघाले.

घरी दोघी सासू-सून होत्या. सुरेंद्र आठवडाभर मोहर्लीला गेला होता, तिकडे पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं काम चालू होतं. तो त्याच दिवशी परतणार होता. आचल दारात आली आणि म्हणाली, "बुढा झोपून हाये, बाई." आतून पोरगी कण्हत होती. मी तिला बाजूला सारून आत गेले.

पोरगी पालथी पडली होती. अंग चटका बसावा इतकं तापलेलं. कमरेवर ओलं फडकं होतं, ते चिकटलेलं. पाण्याने भिजवून भिजवून मी ते सोडवलं. खाली तळहाताएवढी जागा सोलल्यासारखी लाल झाली होती, कडेने फोड, मध्ये काळा ठिपका, आणि सगळ्यावर हळदीचा आणि चुन्याचा लेप, त्याखाली पू. निळा डाग असा होत नाही. तो कधीच काही होत नाही.

"बिब्बा कुणी लावला?"

आचल ओलं फडकं उचलायला खाली वाकली.

"आचल, मी गुडघ्यावर पाहिलाय, टाचेच्या भेगांवर पाहिलाय. मला बिब्बा ओळखू येतो. एवढ्याशा पोरीला कुणी लावला?"

ती जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. आवाज अगदी सरळ होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. डाग दिवाळीपासूनच फिका पडायला लागला होता. तेव्हापासून ती रोज आंघोळीनंतर त्यावर काजळ लावायची, बोटाने पसरवून, निळ्यासारखं दिसेल असं. पण काजळ पुसलं जातं. उन्हाळ्यात तर घामाने झबल्यालाच लागतं. नवरा मोहर्लीहून आला की पोरीला घेऊन तलावात उतरणार होता, तसं सांगून गेला होता. पाण्यात काजळ काय टिकणार?

"परीट कपड्यावर बिब्ब्याचं निशान करते ना, बाई. कपडा फाटते पर निशान जात नाई. म्हून म्हटलं, एकदाचं पक्कं करून टाकाव." तिने सुई तापवून बिब्ब्यात खुपसली होती आणि तेलाचं बोट पोरीच्या कमरेवर फिरवलं होतं. "पहिल्या दिवशी मस्त काळं झालं होतं. मले वाटलं, चला, जमलं."

दुसऱ्या दिवशी फोड आले. तिसऱ्या दिवशी चुना-हळद लावली. चौथ्या दिवशी ताप. आज पाचवा.

गोकुळाबाई इतका वेळ चुलीजवळ उभी होती. मी तिच्याकडे वळले. घरात नातीला आंघोळ तीच घालायची, तेल लावून, पायांवर पालथं घेऊन. "तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"काऊन नाई दिसन? रोज माह्या हाताले काळं लागत होतं. मी धूत होती, हे लावत होती."

आचलने मान वर केली. "मंग बोलल्या काऊन नाई, आत्याबाई?"

"काय बोलू वं? तू काजळ लावून खोटं करून राह्यली होती. मी तं काजळ न लावताच केलं." म्हातारी खाली बसली. "त्याच्या अंगाले मी काईच लावलं नव्हतं. बाया म्हने, लाव, लाव. मी तव्याले हातही लावला नाई. चाळीस वर्सं त्याचं केलं, बाई. त्याचा मार खाल्ला, ओकारी काढली. परत कायले बोलावू त्याले?"

म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "गाडीचा आवाज आयकला ना तुमी? हिनं भिताडाकडं तोंड केलं होतं. डाग दिसला. जे तोंडात आलं थे बोलली."

मला राग आला. मी या दोघींवर भरपूर ओरडणार होते आणि ओरडलेही, पण तोंडाने ओरडत असताना आत मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, जाईल की, काळजी करू नको. मी जखम साबण-पाण्याने हलकेच धुतली, लेप काढला, ओलं स्वच्छ कापड ठेवलं. बिब्ब्यावर तेल चोळायचं नाही, चुना तर मुळीच नाही, हे त्यांना तीनदा सांगितलं. मग गावातली रिक्षा बोलावून पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पू झाल्यामुळे जखम खोल गेली आहे, ताप उतरेल, जीवाला धोका नाही.

सुरेंद्र संध्याकाळी चारला परस्पर तिथेच आला. कपड्यांवर सिमेंट तसंच होतं. गोकुळाबाईने त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. काजळी लावली नाही इथपासून बिब्ब्यापर्यंत. काही झाकलं नाही, रडली नाही. मी खांबाजवळ उभी होते. हा डाग बहुतेक बाळांना असतो, आपोआप जातो, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही मी तिथेच सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मंग हे कोन हाये?" त्याने आईला विचारलं.

"तुही पोट्टी हाये. अजून कोन?"

तो उठला. आत पोरगी होती, तिकडे गेला नाही. पायऱ्या उतरून बाहेर पडला.

तीन दिवसांनी पोरीला घरी सोडलं. पट्टी दिवसाआड बदलायची होती, ती माझ्याकडे. दर वेळी सासू-सून यायच्या, पायी, पोरगी आजीच्या खांद्यावर. सुरेंद्र येत नव्हता. घरात तो जेवायचा आणि निघून जायचा. तलावावर एकटा जायचा. गाडीचा आवाज आला की पोरगी दारापर्यंत रांगत जायची, कारण चाललं की कमरेला ताण बसायचा, आणि हात वर करून उभी राहायचा प्रयत्न करायची. तो तिच्या बाजूने आत जायचा. हे मला आचलने सांगितलं. तिने मोठ्या मुलीचे आणि आपले कपडे एका पिशवीत भरून ठेवले होते. "मले म्हायेरी पोचवून देतीन वाट्टे. देऊ द्या. पर बाई, थ्या लेकराकडं पाह्यतही नाई. थ्यानं काय केलं?"

बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नव्हता. झिंगू भर पारावर म्हणाला, "मनसारामभाऊ हवापानी पाहून वापस गेले म्हन्ते." सुरेंद्र तिथेच होता. त्याने झिंगूची कॉलर धरली, वामनराव सरपंचांनी मध्ये पडून सोडवलं. मी हे ऐकलं तेव्हा मला थोडी आशा वाटली. निदान काहीतरी धरलं त्याने.

पाचव्या पट्टीच्या दिवशी गाडीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर पोरगी पुढे टाकीवर बसलेली, तो मागे, त्याच्या मागे आचल. पट्टी बदलताना पोरगी माझा चेहरा पाहूनच किंचाळायची, ते आचलला बघवत नसे, म्हणून ती नेहमीसारखी बाहेर बाकावर बसली. पोरीला तोच आत घेऊन आला.

मांडीवर पालथी घ्या म्हटलं, त्याने घेतली. धरायचं कसं ते सांगावं लागलं नाही. पट्टी भिजवून काढली. जखम त्याने पहिल्यांदाच पाहिली. पू गेला होता, मधली जागा गुलाबी झाली होती आणि कडेने काळपट जाड वळ धरला होता. पोरगी त्याच्या गुडघ्याला चावत होती. त्याने गुडघा हलवला नाही.

"हा डाग राह्यते का, बाई?"

"राहील."

"किती दिवस?"

"जन्मभर. पोरगी वाढेल तसा तोही थोडा मोठा होईल."

मी मलम लावलं, कापूस ठेवला. मग तो दाराकडे पाहून आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आचलले नका सांगू. तिले सांगा, निघून जाते म्हून. पंधरा दिवस झाले, थे झोपून नाई राह्यली. पोट्टीच्या पाठीवर फुंकर मारत बसते. तुमचं आयकन थे."

मी कापूस बाजूला ठेवला. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, इतकं सोपं. आणि बाहेर बसलेल्या बाईने ते मुकाट्याने मानलंही असतं.

"सुरेंद्रभाऊ, तुमच्या आईने तुमच्यासाठी एक खोटं सांगितलं. तुमच्या बायकोने ते टिकावं म्हणून दुसरं लावलं. मला खरं माहीत होतं आणि तुमचं बरं चाललंय म्हणून मी गप्प बसले. आम्ही तिघी बाया चांगल्याच होतो. पोरीची पाठ भाजली. आता पुन्हा मला सांगू नका. तिला जे सांगायचं ते तुम्ही सांगा, आणि खरं सांगा." मी दाराकडे तोंड करून हाक मारली, "आचल, आत ये."

ती आली आणि उंबऱ्यावरच थांबली. पदराचं टोक दोन्ही हातांनी धरलेलं. तिने पोरीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस ज्याची वाट पाहत होती ते आता ऐकायला मिळणार, अशा तयारीने ती उभी होती.

सुरेंद्रने पोरीला सावरलं, घसा खाकरला, माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं.

"डाग राहनार हाये म्हन्तेत बाई. जनमभर."

आचल तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

"राहू दे ना," तो म्हणाला. आणि तिने तरीही डोळे वर केले नाहीत तेव्हा जरा चिडूनच, तो एरवी पारावर बोलायचा त्या आवाजात, "आपल्या पोट्टीची पाठ हाये. राह्यला डाग तं राह्यला. कोनाच्या बापाचं काय जाते?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो तसाच तोंड उघडं ठेवून बसला. आधी आचलला हसू फुटलं, पदर तोंडात कोंबला तरी आवरेना, आणि हसता हसताच ती रडायला लागली. मग तोही. पोरगी रडायची थांबून दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली. मला पट्टी बांधायची होती, म्हणून मी त्याला म्हटलं, हलू नका, घट्ट धरा तिला. त्याने धरलं.